शरीर आजारी, मन आजारी

कऱ्हेकाठच्या आमच्या वस्तीत नानांचा आवाज खणखणीत. रविवारी बुद्धविहारात वंदना त्यांनीच सांगायची, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत निळा झेंडा त्यांच्याच हाती. उभा जन्म उसाच्या फडात आणि कारखान्याच्या गव्हाणीवर गेला, पण कधी अंथरूण धरले नाही. त्या आमच्या वडिलांना प्रोस्टेटचा, म्हणजे मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा कर्करोग निघाला.

पुण्याला ऑपरेशन झाले. आम्ही भाऊ म्हणालो, सुटलो. पण नानांनी विहारात जाणे सोडले. लघवी थेंब थेंब सुटायची. पांढऱ्या धोतराला डाग पडेल, चारचौघांत वास येईल, ही लाज ते मनातच ठेवीत. ताटातली भाकरी तशीच राही. भर थंडीत घाम फुटे, झोप नाही. आम्ही उलट त्यांनाच बोललो, "नाना, बाप्या माणसानं असं हातपाय गाळून कसं चालंल?"

एका रात्री ते आईला म्हणाले, "आता मी कसला बाप्या? माझा काय उपयोग?" आईने ते आम्हाला सांगितले, तेव्हा आमचे डोळे उघडले.

डॉक्टरांनी समजावले. हा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर पोसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी अमेरिकेत १९४१ साली दाखवले. १९६६ साली त्यांना नोबेल मिळाले. म्हणून अंडकोश काढून किंवा इंजेक्शने देऊन ते संप्रेरक बंद करतात. रोग आवरतो, पण अंगातून वाफा येतात, ताकद जाते, इच्छा जाते आणि मनही खचू शकते. म्हणजे नाना भित्रे झाले नव्हते. तोही आजारच होता, आणि त्यावरही औषध आहे.

तथागतांनी वृद्ध, आजारी नकुलपित्याला सांगितले होते की शरीर आजारी असले तरी मन आजारी होऊ देऊ नकोस. आम्ही हेच नानांना ऐकवून मोकळे होत होतो. पण त्रिपिटकात नकुलमाताही आहे. नवरा मरणपंथाला लागला तेव्हा ती उशाशी बसून म्हणाली, काळजी घेऊन मरू नका, मी सूत कातून मुले सांभाळीन. उपदेशाइतकेच ते जवळ बसणेही मोलाचे.

आमच्या आईने ते सुत्त वाचलेले नाही. तिने जुन्या लुगड्याच्या घड्या शिवल्या आणि एका रविवारी म्हणाली, "चला, मी हाय संगं. दाराशीच बसू." नाना उठले. वंदना दुसऱ्याने सांगितली, नाना हळू आवाजात मागून म्हणत राहिले. गोळ्या चालू आहेत. काही दिवस अजूनही वाईट जातात. त्या दिवशी आमच्यापैकी एक जण घरी थांबतो.

बंधुभगिनींनो, घरातला कर्ता पुरुष आजारपणात गप्प झाला तर त्याला धीर धरायला सांगू नका, काय होते ते विचारा. डॉक्टरांपुढे लाजू नका. सरकारचा टेलिमानस हा १४४१६ क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येते. आम्ही विचारायला उशीर केला. तुम्ही करू नका.

जय भीम.