पावतीचा हट्ट

आमच्या नातीला वाणिज्य शाखेत प्रवेश मिळाला आणि घरात लॅपटॉपची मागणी दाखल झाली. तलासरीहून एसटीने आम्ही आजा-नात डहाणूला गेलो. दुकानदाराने दोन यंत्रे पुढे ठेवली. दिसायला जुळी भावंडे, पण किमतीत काही हजारांचा फरक! स्वस्तातल्या यंत्रात विंडोज नव्हते. मास्तरकीच्या पेन्शनीवर पोसलेला माझा हात आपसूक तिकडेच गेला.

"काळजी नको, सर. विंडोज मी टाकून देतो. तीनशे रुपये द्या." काउंटरमागून आवाज आला. पाहतो तो माझाच जुना विद्यार्थी! सहामाहीला शेजाऱ्याचे गणित उतरवून घेताना मीच त्याला पकडला होता.

"पावती देशील?"

"याची कसली पावती, सर?" तो हसला.

नात हसली नाही. "आजोबा, म्हणजे हेही उतरवलेलंच ना?"

आता आली का पंचाईत! वस्तुतः लिनक्स नावाची प्रणाली १९९१ पासून फुकट आणि राजरोस मिळते. मी एका पायावर तयार होतो. पण नातीला टॅली शिकायचे आणि टॅलीला लागते विंडोज.

मग पोराने मला नीट समजावले. (परीक्षेत इतके नीट लिहिले असते तर!) यंत्राबरोबर येणारा परवाना त्याच यंत्राच्या मदरबोर्डाला बांधलेला; यंत्र गेले की तोही गेला. सुटा परवाना महाग, पण पुढे दुसऱ्या यंत्रावर नेता येतो. इंटरनेटवर चार-पाचशेला मिळणाऱ्या चाव्यांचे विचारले, तर म्हणाला, "चालतात, सर." अहो, कुलूप उघडले म्हणून घर का आपल्या नावावर होते? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात जाणूनबुजून चोरीची प्रत वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायाधीश नुसत्या दंडावरही सोडू शकतात. पण मला भीती न्यायाधीशाची नव्हती. शेजारी उभ्या असलेल्या मुलीची होती.

महागातले जुळे घेतले. नवा चष्मा संक्रांतीपर्यंत लांबला. हे घरी कसे सांगायचे, याची तालीम मी परतीच्या एसटीत करीत होतो.

रात्री यंत्र सुरू केले. पडद्यावर कराराचा लांबलचक मजकूर आणि खाली 'मान्य आहे'चे बटण. नात ते दाबणार, तोच मी तिचा हात धरला. आमच्या या मुलखात न वाचता उठवलेल्या अंगठ्यांनी पिढ्या सावकाराकडे गहाण पडल्या होत्या. आमच्याच तालुक्यातल्या झरीला १९४५ साली वारल्यांनी वेठ नाकारली, तो इतिहास मी वर्गात किती वेळा सांगितला असेल! "आधी वाचायचं," मी बजावले.

वाचू लागलो. जुन्या चष्म्यातून तिसऱ्या परिच्छेदातच अक्षरे नाचू लागली. चौथ्याला मला जांभई आली.

"झालं वाचून, आजोबा?"

मी इकडेतिकडे पाहिले आणि बटण दाबले.