पन्नास किलोंचे सामान

माणशी ५० किलो. डिसेंबर १९४२ मध्ये फ्रीडल डिकर-ब्रांडाइस आणि त्यांचे पती पावेल यांना नाझींच्या हुकुमानुसार घर सोडावे लागले, तेव्हा एवढेच वजन बरोबर नेण्याची मुभा होती. नाझींच्या ताब्यातील चेक प्रदेशात, ह्रोनोव या लहानशा गावी हे ज्यू दांपत्य राहत होते. तराजूशी ज्यांचा रोजचा संबंध आहे त्यांना ५० किलो म्हणजे किती, हे सांगावे लागत नाही. धान्याचे एक पोते. तेवढ्यात पुढचे सारे आयुष्य बसवायचे, तेही युरोपातल्या कडाक्याच्या थंडीत. कोणत्याही शहाण्या गृहिणीने लोकरीचे कपडे, भांडी आणि टिकाऊ खाद्यपदार्थ भरले असते. फ्रीडल यांनी आपल्या वाट्यातले बरेच वजन कागद, रंग, खडू आणि पेन्सिली यांना दिले. आपण जिथे जात आहोत तिथे मुले असतील, एवढे त्यांना ठाऊक होते. त्यांना स्वतःचे मूल नव्हते.

कागदाशी त्यांचे नाते जन्मापासूनचे. १८९८ साली व्हिएन्नात त्यांचा जन्म झाला. चार वर्षांच्या असताना आई गेली. वडील एका स्टेशनरीच्या दुकानात नोकरीला होते. दुकानदाराच्या घरात मुले मालाशी खेळत मोठी होतात. फ्रीडल यांच्या वाट्याला खेळायला कागद आणि रंग आले. आईविना वाढणाऱ्या त्या मुलीला कागदाचा केवढा आधार झाला असेल, याची कल्पनाच करायची. पुढे त्या योहान्नेस इटेन या कलाशिक्षकाच्या विद्यार्थिनी झाल्या. त्यांच्यामागोमाग १९१९ मध्ये जर्मनीतील वायमार येथे नव्यानेच सुरू झालेल्या बाउहाउस या कलाशाळेत गेल्या. नंतर फर्निचर, कापड, घरांची अंतर्रचना अशी कामे करणारा व्यवसाय त्यांनी एका सहकाऱ्यासमवेत यशस्वीपणे चालवला. १९३४ मध्ये राजकीय मतांसाठी अटक झाली आणि सुटकेनंतर त्या प्रागला आल्या.

प्रागमध्ये जर्मनी-ऑस्ट्रियातून परागंदा झालेली कुटुंबे आश्रयाला येत होती. मोठी माणसे कागदपत्रे, नोकऱ्या आणि निवारा यांच्या विवंचनेत. मुले मात्र गप्प. फ्रीडल या मुलांना चित्रे काढायला बसवू लागल्या. मदतीला व्हिएन्नाहून त्यांची एक तरुण विद्यार्थिनी आली होती, एडिथ क्रेमर. आपली शिक्षिका काय शिकवते, यापेक्षा काय शिकवण्याचे टाळते, हे ती बारकाईने पाहत होती. १९३८ मध्ये एडिथ अमेरिकेला निघून गेली. फ्रीडल यांनाही देशाबाहेर जाण्याची संधी आली होती. पतीला सोडून जाणे त्यांना मान्य नव्हते.

तेरेझीन हे प्रागच्या उत्तरेचे तटबंदीचे गाव. अठराव्या शतकाच्या अखेरीस सम्राट दुसरा जोसेफ याने ते लष्करासाठी वसवले आणि आईचे, मारिया थेरेसाचे, नाव त्याला दिले. नाझींनी मूळ रहिवाशांना हलवून तेथे हजारो ज्यूंना कोंडले. पुढे त्यांतील बहुसंख्यांना पूर्वेकडील मृत्युछावण्यांकडे गाड्या भरून पाठवले जाई. उपासमार, उवा, टायफस आणि अखंड गर्दी. पुष्कळ मुले आईवडिलांपासून अलग, मुलांच्या व मुलींच्या स्वतंत्र निवासांत, तीनमजली फळ्यांवर झोपत. त्यांना रीतसर शिकवायला बंदी होती; गाणे, चित्रकला आणि हस्तव्यवसाय यांना मात्र परवानगी होती. चित्रकला निरुपद्रवी आहे, असे त्या अधिकाऱ्यांना वाटले असावे. अनेक सुशिक्षित घरांतही चित्रकलेच्या तासाबद्दल हेच मत असते.

बरोबर आणलेला कागद पुरणे शक्यच नव्हते. मग कचेरीतले छापील तक्ते आले, त्यांची मागची बाजू कोरी होती. वेष्टनाचे कागद आले. रंग संपले तेव्हा रंगीत कपटे फाडून, चिकटवून चित्रे होऊ लागली. जुन्या वहीची कोरी पाने फाडून नातवंडांना देणाऱ्या पेढीवरच्या आजोबांना ही काटकसर परकी वाटणार नाही.

तासाची सुरुवात तालाने होई. फ्रीडल ठेका देत आणि त्या ठेक्यावर मुलांचे हात कागदावर फिरत: गोल, वळसे, तिरप्या रेघा. यात चित्र काढायचेच नसे. आखडलेला हात, आखडलेला खांदा सैल करायचा असे. भीतीने वावरणारे मूल श्वाससुद्धा आखडता घेते, हे कोणत्याही आईला माहीत असते. ते मूल ठेक्याबरोबर हळूहळू मोकळे होई. मग एखादा फुलांचा भांडा समोर ठेवला जाई, किंवा वर्मीरसारख्या जुन्या चित्रकाराच्या चित्राची छापील प्रत, आणि मुले आपापल्या परीने ते कागदाच्या कपट्यांतून उभे करीत. कधी मनाला येईल ते काढायचे. चूक दुरुस्त करण्यासाठी शिक्षिकेची पेन्सिल कोणाच्या कागदावर उतरत नसे. आग्रह एकाच गोष्टीचा होता. मुलाने चित्रावर स्वतःचे नाव लिहावे. तेथे प्रत्येक माणसाला वाहतुकीच्या यादीतला क्रमांक होता. कागदाच्या कोपऱ्यात वळणदार अक्षरांत नाव लिहिणारे मूल त्या क्रमांकाखालून पुन्हा वर येत असे.

१९४३ मध्ये फ्रीडल यांनी छावणीतल्या शिक्षकांपुढे मुलांच्या चित्रांवर व्याख्यान दिले. त्यांच्या विचाराचा गाभा असा की, या वर्गांतून चित्रकार घडवायचे नाहीत. मुलाची कल्पनाशक्ती, त्याची पाहण्याची आणि निवडण्याची शक्ती मोकळी करायची आहे, आणि मोठ्यांनी आपली सौंदर्याची कल्पना मुलावर लादली की ती शक्तीच खुंटते. मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या वसाहतीत कोणी अध्यापनपद्धतीवर इतके बारकाईने बोलावे, याचे आश्चर्य वाटते. पण त्या शिक्षकांना मुलांपुढे रोज सकाळी उभे राहायचे होते, आणि त्यांच्यासाठी हा प्रश्न फार व्यावहारिक होता.

मुलांनी काय काढले? घरे पुष्कळ. जेवणाचे टेबल, त्यावर दिवा. फुले, फुलपाखरे, कुरणे, रस्ते. आणि छावणीसुद्धा: फळ्यांचे मजले, अन्नाच्या रांगा, पहारेकरी, आजारी माणसे. एकच मूल एके दिवशी बाग काढी आणि दुसऱ्या दिवशी शवयात्रा. मोठ्यांजवळ ज्याबद्दल बोलता येत नव्हते, ते कागदावर ठेवता येत होते, आणि ठेवल्यावर थोडे दुरून पाहता येत होते. वाचलेल्यांपैकी काही विद्यार्थिनींनी उतारवयात सांगितले की, त्या तासाला भूक आठवत नसे.

व्यापारी घरात येथे एक प्रश्न विचारला जाईल आणि तो विचारायलाच हवा: याचा लाभ काय? चित्रांनी त्या मुलांचे प्राण वाचवले नाहीत. त्यांतील बहुतेक मुले परतली नाहीत. एखादा उपाय जर मरण टाळत नसेल, तर त्याला उपचार का म्हणायचे? या प्रश्नाचे उत्तर तेरेझीनमध्ये मिळत नाही. ते एडिथ क्रेमर यांच्या कामात शोधावे लागते, कारण त्यांच्यापुढची मुले जगणार होती आणि त्यांना जगायचे कसे हेच कळत नव्हते.

‘आर्ट थेरपी’ हे नाव ज्या वर्षी फ्रीडल छावणीत गेल्या त्याच वर्षी, १९४२ मध्ये, इंग्लंडमध्ये रूढ होऊ लागले होते. एड्रियन हिल नावाचा चित्रकार क्षयावर उपचार घेत आरोग्यधामात पडून असताना चित्रे काढू लागला, सोबतच्या रुग्णांनाही त्याने त्यात ओढले, आणि या अनुभवाला हे नाव दिले. अमेरिकेत क्रेमर यांनी ते शास्त्र मुलांपर्यंत नेले. १९५० पासून काही वर्षे त्यांनी न्यूयॉर्क राज्यातील विल्टविक या निवासी शाळेत काम केले. तेथे साधारण ८ ते १३ वर्षांची, मारामाऱ्या आणि लहानसहान गुन्ह्यांमुळे पाठवलेली मुले राहत. १९५८ मध्ये या कामावरचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले.

त्यांचे निरीक्षण कोणत्याही घरात उपयोगी पडेल असे आहे. संतापलेले मूल रंग फेकते, कागद फाडते. त्याने क्षणभर निचरा होतो, पण तेवढ्याने मूल बदलत नाही. तोच संताप जेव्हा मातीच्या सिंहात उतरतो, त्याला पाय जोडावे लागतात, आयाळ कोरावी लागते, तोल सांभाळावा लागतो, तेव्हा मूल आपल्या रागाचे मालक होते. येथे माध्यमाची निवड महत्त्वाची ठरते. पेन्सिल मुलाच्या ताब्यात राहते, म्हणून भेदरलेल्या मुलाला ती सुरक्षित वाटते. ओला रंग वाहतो, तो काहींना मोकळे करतो तर काहींना घाबरवतो. माती कुटता येते, मोडता येते आणि पुन्हा घडवता येते.

मदत करणाऱ्या मोठ्या माणसासाठी क्रेमर यांनी ‘तिसरा हात’ अशी संज्ञा वापरली. मुलाच्या दोन हातांना जिथे जमत नाही तिथे हा हात पुढे होतो: हवा तो रंग कालवून देतो, निखळलेला मातीचा पाय जोडून देतो. पण सिंहाचा चेहरा कसा असावा, हे तो ठरवत नाही. फ्रीडल यांची पेन्सिल मुलांच्या कागदावर का उतरत नसे, ते या संज्ञेत नेमके पकडले आहे.

त्यांनी आणखी एक गोष्ट ओळखली. काही मुले पुन्हापुन्हा एकच ठरीव चित्र काढतात, कारण त्यामागे लपता येते. महाराष्ट्रातल्या घराघरांत ते चित्र सापडते: दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वाहणारी नदी, काठावर झोपडी आणि नारळाचे झाड. ते काढणाऱ्या प्रत्येक मुलाला काही दुःख आहे, असे मुळीच नाही. पण त्याच चित्राला वर्षानुवर्षे शाबासकी आणि स्पर्धेचे बक्षीस मिळत राहिले, तर मुलाला दुसरे काही काढायचे होते का, हे कोणाला कळणार नाही. उलट बाजूही सांभाळावी लागते. काळा रंग दिसला की मूल दुःखी, असा निदानाचा सोपा धंदा काही ठिकाणी चालतो. काळा खडू हाताशी होता, एवढेच कारण असू शकते. जाणकार कलोपचारक चित्राचा अर्थ मुलाला सांगत नाही. ‘हे काय काढलेस’ असे दरडावण्याऐवजी ‘याबद्दल सांगशील का’ असे विचारतो, आणि मूल काही बोलले नाही तर थांबतो. मुलाची झोप, जेवण, बोलणे यांतच बिघाड झाला असेल तर आधी वैद्यकीय सल्ला हवा. घरचा रंगांचा डबा त्याची जागा घेऊ शकत नाही.

पावेल छावणीत सुतारकाम करीत होते. २८ सप्टेंबर १९४४ रोजी त्यांना पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीत चढवण्यात आले. फ्रीडल यांनी त्यांच्यामागोमाग जाण्यासाठी स्वतःहून नाव दिले. त्या ६ ऑक्टोबरला निघाल्या. सुमारे साडेचार हजार चित्रे दोन सुटकेसमध्ये भरून मुलींच्या निवासात लपवली गेली होती. बिर्केनाऊ येथे ९ ऑक्टोबर १९४४ रोजी फ्रीडल यांना मारण्यात आले. पावेल वाचले.

ऑगस्ट १९४५ मध्ये त्या निवासाचे प्रमुख विली ग्रोग यांनी दोन्ही सुटकेस प्रागला नेऊन ज्यू समाजाच्या हवाली केल्या. ही चित्रे आता प्रागच्या ज्यू संग्रहालयाकडे आहेत. बहुतेकांच्या कोपऱ्यात मुलाचे नाव आहे, आणि त्या नावांवरून संशोधकांनी एकेका मुलाची जन्मतारीख, त्याचे गाव, त्याची शेवटची गाडी शोधून काढली आहे. फ्रीडल यांनी तेरेझीनमध्ये स्वतः काढलेल्या बऱ्याच चित्रांवर मात्र सही नाही.