हात कधी लावायचा?

बदकाचं अंडं फुटायला लागलं की इनक्युबेटरच्या मालकाला झोप लागत नाही. कवचावर चांदणीच्या आकाराची बारीक चीर पडलेली असते, आतून चिवचिव ऐकू येत असते, आणि मग तासामागून तास काहीच घडत नाही. कोंबडीचं पिल्लू असतं तर एव्हाना बाहेर येऊन वाळलंही असतं. इथे सकाळची चीर संध्याकाळी तेवढीच, दुसऱ्या दिवशी सकाळीही जेमतेम तेवढीच. मला येणारे बरेच फोन याच वेळचे असतात. "डॉक्टर, पिल्लू अडकलंय. फोडू का?"

मी सिंधुदुर्गात पशुवैद्यकाचं काम करते. कोंबड्या, बदकं, लाव्हे हा माझा विशेष प्रांत. पूर्वी इकडे बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवत; आता पन्नास-शंभर अंड्यांची मशीनं घरोघरी, बचत गटांत आली आहेत. मशीनला पारदर्शक झाकण असतं. कोंबडीच्या पोटाखाली काय चाललंय ते कुणाला दिसत नव्हतं, त्यामुळे घाईही होत नव्हती. आता सगळं दिसतं, आणि समोर धडपडणारा जीव दिसत असताना हात आखडून बसणं अवघड जातं. हे मी मनापासून समजू शकते. म्हणून "फोडू का?" याला मी सरळ हो किंवा नाही म्हणत नाही. आधी विचारते: पहिला टवका कधी उडाला? पापुद्रा कसा दिसतोय, पांढरा ओलसर की पिवळट सुका? आणि पिल्लाने कवच गोल कापायला सुरुवात केली आहे का?

या प्रश्नांमागचं कारण अंड्याच्या आत आहे. अंड्यातला बहुतेक काळ पिल्लू फुप्फुसांनी श्वास घेत नाही. कवचाच्या आतल्या बाजूला रक्तवाहिन्यांचं जाळं अस्तरासारखं पसरलेलं असतं. कवचाच्या हजारो सूक्ष्म छिद्रांतून येणारा प्राणवायू ते टिपतं आणि बेंबीवाटे पिल्लाला पोचवतं. साध्या बदकाचं अंडं अठ्ठावीस दिवसांचं. शेवटच्या दोन-तीन दिवसांत पिल्लू रुंद टोकाकडच्या हवेच्या कप्प्यात चोच खुपसतं आणि पहिला श्वास घेतं. कवच अजून अखंड असतं. कप्प्यातला प्राणवायू कमी होत जातो, कार्बन डायऑक्साइड वाढतो, आणि त्यामुळे मानेमागचा एक स्नायू झटके द्यायला लागतो. हा स्नायू याच कामासाठी त्या दिवसांत सुजल्यासारखा फुगलेला असतो. (नवशिके पालक त्याला गाठ समजतात. ती दोन-चार दिवसांत आपोआप उतरते.) चोचीच्या टोकावरचा कठीण दाणा कवचावर आपटतो आणि पहिला टवका उडतो.

इथून पुढचे चोवीस तास, कधी छत्तीस, कधी त्याहून थोडे जास्त, पिल्लू गप्प पडल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात त्या वेळात दोन मोठी कामं चालू असतात. अस्तरातलं रक्त हळूहळू पिल्लाच्या शरीरात ओढलं जातं. आणि उरलेला बलक, जो पहिले दोन-तीन दिवस त्याचं अन्न असणार आहे, तो पिशवीसकट बेंबीतून पोटात शिरतो. मगच बेंबी मिटते. तोपर्यंत अंड्यावर जबरदस्ती केली तर त्या वाहिन्या फाटतात. एवढ्याशा जिवात रक्त किती असणार! चार थेंब गेले तरी ते वाचेलच असं सांगता येत नाही. बलक बाहेर राहिला तर तिथून जंतुसंसर्ग होतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुजलेल्या पोटाचं पिल्लू मान टाकतं. अशा वेळी "पिल्लू अशक्त होतं" असं म्हटलं जातं. ते अशक्त नव्हतं, ते अर्धवट तयार होतं.

व्याख्यानांतून आणि व्हॉट्सॲपवरून फिरणारी फुलपाखराची एक गोष्ट इथे हमखास ऐकवली जाते. कुणीतरी कोषाला चीर देतो, आणि धडपड न करता बाहेर आलेल्या फुलपाखराला उडताच येत नाही. म्हणून पिल्लालाही मदत करू नका, धडपडीने ते बळकट होतं, असा उपदेश. सल्ला बहुतेक वेळा बरोबर ठरतो, पण त्यामागचं कारण चुकीचं आहे, आणि चुकीच्या कारणाची किंमत पिल्लं मोजतात. लवकर बाहेर काढलेलं बदकाचं पिल्लू व्यायाम कमी पडल्यामुळे मरत नाही. ते रक्तस्रावाने आणि उघड्या बेंबीने मरतं. हे एकदा लक्षात आलं की दुसरी बाजूही दिसते: रक्त आत गेलंय, बलक आत गेलाय, आणि तरीही पिल्लू सुकलेल्या पापुद्र्यात आवळलं गेलंय, तर आणखी धडपडून त्याला काहीही मिळणार नाही. ते फक्त थकेल आणि मरेल. तिथे हात लावायलाच हवा.

"निसर्गाला करू दे" या म्हणण्यालाही माझी हरकत आहे. इनक्युबेटर म्हणजे निसर्ग नव्हे. उबवणारी बदकीण पाण्यात जाऊन येते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते. कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवणाऱ्या जाणत्या बायका शेवटच्या दिवसांत त्यांवर कोमट पाणी शिंपडतात, ते यासाठीच. मशीनमध्ये ओलावा किती राहील हे आपण ठरवतो, आणि पिल्लू अडकण्याचं मुख्य कारण तिथेच असतं.

हिशोब साधा आहे. पंचवीस दिवसांत अंड्याचं वजन पाणी उडून साधारण १२ ते १४ टक्के घटायला हवं. ७० ग्रॅमच्या अंड्यातून ९ ग्रॅमच्या आसपास. घट कमी झाली तर हवेचा कप्पा लहान राहतो, पिल्लू फुगीर आणि चिकट होतं, त्याला आत वळायला जागा उरत नाही. घट जास्त झाली तर कप्पा मोठा, पापुद्रा चिवट. आता आपल्याकडची हवा बघा. जुलैत कोकणात बाहेर २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा मशीनमध्ये ३७.५ अंशांना तापल्यावर पाण्याचा थेंब न घालताही आर्द्रता ५० टक्क्यांजवळ असते. मे महिन्यात अकोल्याकडे बाहेर ४२ अंश आणि १२ टक्के असेल, तर मशीनमध्ये १५ टक्क्यांच्या आसपास. पहिल्या पंचवीस दिवसांत मला साधारण ५५ टक्के हवे असतात. मशीनसोबतच्या कागदावर मात्र दोघांनाही एकच सूचना: भांडं पाण्याने भरून ठेवा. वेंगुर्ल्याच्या माणसाने ती पाळली तर पिल्लं आत फुगतात, आणि अकोल्याच्या माणसाला त्या एका भांड्याने पुरत नाही. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दहा अंडी एकत्र ठेवून दर पाच दिवसांनी वजन लिहून ठेवा, असं मी प्रत्येकाला सांगते. पिल्लू अडकल्यानंतर करायच्या कोणत्याही उपायापेक्षा हे वजन जास्त पिल्लं वाचवतं.

तरीही काही अडकतात, आणि मग ठरवावं लागतं.

कवच गोल कापायला सुरुवात झालेली आहे, तिसरा हिस्सा कापून झाला आणि मग चार-सहा तास काहीच पुढे सरकलं नाही, ही परिस्थिती दिसायला सगळ्यात भीतीदायक, पण मदतीसाठी सगळ्यात सुरक्षित. पिल्लू साधारणपणे रक्त आणि बलक आत घेतल्यावरच कापायला लागतं. तिथून बाहेर यायला एरवी तास-दोन तास पुरतात. तेव्हा इथे थांबलं म्हणजे अडकलं, असं मी बऱ्याच खात्रीने म्हणते. उलट नुसता टवका उडून वीस तास झालेत, पिल्लू आत हलतंय, टकटक केली की उत्तर देतंय, तर कितीही कळवळा आला तरी झाकण उघडू नका असंच सांगते. चोवीस तासांच्या आत मी टवक्याला बोटही लावत नाही. त्यानंतर पापुद्रा पाहते. चोच जांभई दिल्यासारखी किंवा चघळल्यासारखी हलत असेल, तर बलक अजून आत जातोय असं धरते आणि थांबते.

घड्याळावर पूर्ण विसंबता येत नाही. पावसात वीज जाते, मशीन चार तास गार पडतं, आणि अंडी एक दिवस मागे पडतात. मस्कोव्ही बदकाची अंडी पस्तीस दिवसांची; ती साध्या बदकाच्या अंड्यांसोबत एकाच ट्रेमध्ये ठेवून अठ्ठाविसाव्या दिवशी घाबरून फोन करणारेही असतात. म्हणून मी टवका उडाला की कवचावर पेन्सिलने वेळ लिहायला लावते. मोजायचं ते तिथपासून.

गेल्या पावसाळ्यात खाडीकाठच्या एका गावातून बचत गटाच्या ताईंचा फोन आला. निम्मी पिल्लं बाहेर आली होती, तीन कापता कापता सकाळपासून थांबली होती. व्हिडिओवर पापुद्रा दिसला: पिवळट, कागदासारखा.

"ताई, आधीची पिल्लं बाहेर कशी काढलीत?"

"येतील तशी काढली, डॉक्टर. टोपलीत बल्बखाली ठेवली."

उत्तर त्यातच होतं. दर वेळी झाकण उघडलं की वाफ निघून जाते, आणि टवका उडालेल्या बाकीच्या अंड्यांचे पापुद्रे सुकतात. बाहेर आलेली पिल्लं पोटातल्या बलकावर दिवसभर आरामात राहतात. त्यांना घाईने काढायची गरज नसते. एकाला हात लावताना उरलेल्यांचं काय होणार हा विचार मदतीच्या निर्णयात आधी यावा लागतो. म्हणून ताईंना सांगितलं की तिन्ही अंडी एकदमच बाहेर घ्या, झाकण लगेच लावा, आणि न्हाणीघरात गरम पाण्याची बादली ठेवून तिथे बसा.

पुढचं काम सावकाश करायचं असतं. हात धुऊन, कापसाच्या काडीने कोमट पाणी किंवा खोबरेल तेल पापुद्र्यावर लावायचं, नाकपुड्या सोडून. दोन-तीन मिनिटांत पापुद्रा पारदर्शक होतो आणि आतलं दिसायला लागतं. निर्णय या क्षणी होतो. लाल, भरलेल्या रेषा दिसल्या तर तिथेच थांबायचं, अंडं परत मशीनमध्ये ठेवायचं, ओलावा वाढवायचा, आणि चार-सहा तासांनी पुन्हा पाहायचं. रेषा पुसट किंवा नाहीशा झाल्या असतील तर कापलेल्या रेषेपासूनच कवचाचे तुकडे नखाने अलगद उचलायचे, फक्त रुंद टोकाकडचे. कुठेही रक्ताचा ठिपका आला तर स्वच्छ कापूस दाबून धरायचा आणि थांबायचं. डोकं आणि मान मोकळी झाली की आपलं काम संपलं. खालचा अर्धा भाग कवचातच राहू द्यायचा, कारण बेंबी तिकडे आहे. पाय मारून पिल्लू त्यातून स्वतः सुटतं. बलकाचा लहानसा भाग बाहेर राहिला असेल तर तो ओढायचा नाही, कापायचा नाही. ओल्या स्वच्छ फडक्यावर पिल्लाला मशीनमध्येच ठेवायचं.

ताईंच्या दोन अंड्यांत रेषा नव्हत्या. तिसऱ्यात होत्या. ते अंडं त्यांनी परत ठेवलं आणि पहाटेपर्यंत त्याच्याकडे पाहत बसल्या. ते पिल्लू सकाळी मदतीशिवाय सुटलं. पहिल्या दोघांतलं एक नीट वाढलं, एक दुसऱ्या दिवशी गेलं.

आवाजाबद्दलही सांगायला हवं, कारण लोक सगळ्यात जास्त त्यालाच घाबरतात. पिल्लू कवचाच्या आतूनच बोलायला लागतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात गिल्बर्ट गॉटलिब यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात दाखवून दिलं की बदकाच्या पिल्लाने अंड्यात स्वतःचा आवाज ऐकलेला नसेल, तर बाहेर आल्यावर आपल्या जातीच्या आईची हाक त्याला नीट ओळखता येत नाही. म्हणजे आतली चिवचिव हा नेहमी मदतीचा धावा नसतो, ती पिल्लाच्या घडणीचाच भाग आहे. मला काळजी वाटते ती बराच वेळ बोलत असलेलं पिल्लू टकटकीलाही उत्तर देईनासं होतं तेव्हा.

निमुळत्या टोकाला टवका पडला तर मात्र मी लवकर लक्ष घालते. डोकं उलट्या बाजूला असल्यामुळे तिथे श्वासाला हवेचा कप्पा नसतो. अशी बरीच पिल्लं आपली आपण येतात, पण टवक्याची फट चिकट द्रवाने बुजत नाही ना, एवढं पाहावं लागतं.

काहींना मी मदत करत नाही. दोन दिवस उलटले, पापुद्रा उघडला, आणि आत पाय वाकडे, बलक पूर्ण बाहेर, मान उचलता येत नाही, असं दिसलं, तर पुढचा आठवडा त्याला कशासाठी जगवायचं हे मी मालकाला स्पष्ट विचारते. हा प्रश्न क्रूर नाही. ज्या जिवाला आपण मशीनमध्ये ठेवून जन्माला घातलं, त्याच्या दुःखाची जबाबदारीही आपल्यावरच येते.

मदतीने बाहेर आलेल्या प्रत्येक पिल्लाच्या पायात मी वेगळ्या रंगाची रिंग घालायला सांगते आणि वहीत त्याच्या आईचा नंबर लिहायला लावते. खाली खरबरीत कापड, कागद नको. ओल्या, दमलेल्या पायांखाली कागद घसरला तर पाय फाकतात. दोन-तीन उबवण्यांनंतर वही उघडली की उत्तर मिळतं. रिंगवाली पिल्लं एकाच मादीची असतील तर तिची अंडी उबवायला न ठेवता स्वयंपाकघरात जातात, आणि रिंगवाल्या पिल्लांतून पैदाशीसाठी कुणालाही ठेवत नाहीत. ती सगळ्या माद्यांत सारखी विखुरलेली असतील तर माद्यांचा दोष नसतो, आणि पुढच्या खेपेला अंडी लावण्याआधी मशीनचा थर्मामीटर, पाण्याचं भांडं आणि झाकणाची रबरपट्टी तपासायची असते.