गंजीच्या आडोशाचा पाचवा

वळवाची पहिली सर पडून गेली की भिजलेल्या गवताच्या गंजीतून उबट, जरा आंबूस वास सुटतो. यंदाही सुटला, आणि मला नेहमीसारखा हार्वी लूमिस आठवला. खरं तर त्या गोष्टीत नाव घेतात ते सॅम्युएल मिल्सचं. १८०६ च्या ऑगस्टात मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी प्रार्थनेसाठी कुरणात जमले होते. वादळी पाऊस आला, ते गंजीच्या आडोशाला बसले, आणि आशियात शुभवर्तमान न्यायचा विषय मिल्सनं काढला. मनावर घेतलं तर जमेल, असं त्याचं म्हणणं. लूमिस नाही म्हणाला. तिकडे गेलेल्यांना लोक मारून टाकतील, आधी ख्रिस्ती फौजांनी मुलूख ताब्यात घ्यावा, मग धर्माचं बघू, असा त्याचा विचार. त्याच बैठकीतल्या बायरम ग्रीननं हे उतारवयात लिहून ठेवलं. बाकी चौघांनी त्या कामासाठी प्रार्थना केली, लूमिस त्यात नव्हता. पण १८६७ मध्ये तिथे संगमरवरी स्मारक उभं राहिलं तेव्हा त्यावर नावं पाचही जणांची कोरली.

कॉलेजातल्या ख्रिस्ती मंडळींची पारख मी या पाचव्यावरून करतो. किती जण नव्यानं आले याचा आकडा जिथे आधी ऐकवतात, तिथून माझं मन उडतं. वसतिगृहात नुकताच आलेला, घर सुटलेला पोरगा चहाला बोलावणाऱ्याच्या मागे कुठेही जाईल. त्याच्या येण्यानं काहीच सिद्ध होत नाही. तो ज्या दिवशी ‘मला हे पटत नाही’ म्हणतो, त्याच्या पुढच्या आठवड्यात त्याला चहाला हाक मारतात का, एवढंच बघायचं. लूमिसचं मत काही उदात्त नव्हतं, उलट पाचांत तेच सगळ्यात वाईट. तरीही, किंबहुना म्हणूनच, ते तिथे मोठ्यानं बोललं गेलं हे बरं झालं. तलवार आधी की माणूस आधी, हा प्रश्न एकमताच्या बैठकीत कुणी काढलाच नसता.

मिल्स आणि त्याच्या सोबत्यांनी मात्र पुढे दार लावून घेतलं. १८०८ मध्ये त्यांनी ‘ब्रदरेन’ नावाची गुप्त मंडळी काढली, तिची घटना सांकेतिक लिपीत लिहिली, आणि परदेशी जाण्याच्या आड येणारं कोणतंही बंधन ज्याच्यावर असेल त्याला प्रवेश नाही, असं कलम घातलं. लूमिससारख्याला इथे जागा उरली नाही. यावर रास्त आक्षेप येतो, की काम झालं ते या बंद दारामागूनच. १८१० मध्ये परदेशी मिशनरी धाडणारं अमेरिकन बोर्ड उभं राहिलं आणि विल्यम्सचाच पदवीधर गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरला. केंब्रिजचा दाखलाही देतात. १८७७ साली सुरू झालेली तिथली ख्रिस्ती विद्यार्थी संघटना १९१० मध्ये उदारमतवादी स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंटपासून फुटली. पुढे कडव्यांचं जाळं वाढत गेलं, आणि ऐसपैस मूव्हमेंट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओसरली. सगळ्यांना जागा ठेवली की कुणालाच थांबावंसं वाटत नाही, असा त्याचा अर्थ लावतात. हा दाखला मला खोडता येत नाही. पण तो मंडळी टिकावी कशी याचं उत्तर देतो, ती कशासाठी टिकावी याचं नाही. आणि लूमिस शेजारी बसला होता म्हणून मिल्सची श्रद्धा काही पातळ झाली नव्हती.

दुसरा आक्षेप आपल्याकडचा: हे सगळं साम्राज्याच्या सावलीत आलं. हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत आले तेव्हा कंपनी सरकारनं त्यांना परत धाडायचा हुकूम काढला होता. गव्हर्नर नेपियनकडे (नेपियन सी रोड ज्यांच्या नावाचा, तेच) अर्जविनंत्या करून ते कसेबसे राहिले. लूमिसला जी सत्ता वाट मोकळी करायला हवी होती, तीच त्यांना घालवायला निघाली होती. आक्षेप पुरता खोटाही नाही. हॉल १८२६ मध्ये नाशिक-त्र्यंबककडच्या दौऱ्यात पटकीनं गेला. तो मुलूख १८१८ मध्ये पेशव्यांकडून इंग्रजांकडे आला नसता, तर हा दौरा इतका सहज झाला नसता. म्हणजे लूमिसचं थोडंफार खरं ठरलं म्हणायचं. मला ते आवडत नाही, पण आहे.

त्याच बोर्डाच्या अमेरिकन मिशनच्या मुंबईतल्या छापखान्यात टॉमस ग्रॅहमच्या देखरेखीखाली देवनागरी खिळे तयार होत. तिथे खिळे घासायला लागलेला एक पोरगा, जावजी दादाजी, ख्रिस्ती झाला नाही. त्यानं १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, आणि पुढे तिथून काव्यमालेतली संस्कृत काव्यं देखण्या टायपात बाहेर पडली. ब्रदरेनचं ते कलम खिळे घासणाऱ्यांना कुणी लावलं नव्हतं. विद्यार्थ्यांच्या मंडळीतही असे पोरगे येतात. वर्षभर बसतात, गिटारवर चार सूर वाजवायला शिकतात, वाद घालायला शिकतात, आणि सभासद न होता निघून जातात. वर्षअखेरीच्या हिशेबात त्यांना ‘गळती’त धरतात, याचा मला अजून राग येतो.