नोंद कुणाची, किती वर्षं

बोंबल्या विठोबाची यात्रा उठली. साजगावच्या रस्त्याला सुक्या बोंबलांचा वास अजून आहे. दुकानं आवरणारी वाडीवरची पोरं पाहिली आणि वाटलं, गर्दीतल्या एखाद्या मारामारीत यातल्या कुणाला अटक झाली तर?

२०२२च्या कायद्याने अटकेतल्या माणसाचे बोटांचे ठसे, फोटो, डोळ्यांच्या बुबुळांचं स्कॅनसुद्धा घेता येतं. ही नोंद राहते ७५ वर्षं. वीस वर्षांचा पोरगा पंचाण्णवचा होईस्तोवर! आधी शिक्षा झालेली नसेल आणि तो निर्दोष सुटला, तर ती नष्ट करायची, न्यायालयाने वेगळा आदेश दिला नसेल तर. पण ती खरंच पुसली का, हे त्या पोराने कुणाला विचारायचं? माझ्या मते त्याला तसं लेखी कळवलंच पाहिजे.

उलट पोलीस ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२०मध्ये ते १८ महिने, निदान वर्षभर तरी जपायला सांगितलं. कोठडीत मार खाल्लेला माणूस सावरून वकील गाठेपर्यंत तेवढे दिवस सहज जातात. म्हणून पोरांना सांगणार आहे: असं काही घडलं तर थांबू नका, मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करा. आयोग ते चित्रण मागवून सुरक्षित ठेवू शकतो.