तीन बादल्यांत गाडी

मुंबई–अहमदाबाद महामार्गालगत मनोरमध्ये राहणाऱ्यांच्या गाडीवर धूळ किती बसते, ते वेगळं सांगायला नको. आमच्या घरची गाडी सगळ्यांच्या कामाची. अम्मीला डॉक्टरांकडे पालघरला न्यायची तीच, मुलांना परीक्षेला सोडायची तीच. म्हणून दर गुरुवारी संध्याकाळी ती धुतली जाते. घरात नळी मात्र नाही. बोअर एकच आणि त्यावर आमच्यासकट तीन घरं. मे महिन्यात मोटर पाण्याऐवजी हवा ओढू लागते, तेव्हा शेजारच्या चाची कळशी घेऊन थांबलेल्या असतात.

गेल्या उन्हाळ्यात धाकट्या भावाने नळी आणायची गोष्ट काढली. अब्बा म्हणाले, "आणू, पण आधी मोजून बघू." एका नातेवाइकाकडे नळी होती. तिने १५ लिटरची बादली सव्वा मिनिटात भरली. म्हणजे मिनिटाला १२ लिटर. गाडी धुताना नळी वीस मिनिटं चालू राहिली, तर २४० लिटर पाणी गेलं. जल जीवन मिशनने गावांसाठी माणशी रोज ५५ लिटरचं माप धरलं आहे. एका धुण्यात चार माणसांचं दिवसभराचं पाणी! अब्बा एवढंच म्हणाले, "बोअर आपल्या अंगणात आहे, म्हणून पाणी एकट्या आपलं होत नाही. त्यात शेजाऱ्याचा हक आहे." नळीचा विषय तिथेच संपला.

आता आमची पद्धत अशी. तीन बादल्या: एक साध्या पाण्याची, एक गाडीच्या शाम्पूची आणि तिसरी, अर्धी भरलेली, फडकं खळबळायला. भांड्यांचा साबण वापरत नाही, त्याने रंगावरचं मेण उतरतं. गाडी सावलीत लावून बॉनेट गार होऊ देतो, नाहीतर साबण जागीच वाळतो. कोरड्या धुळीवर फडकं फिरवायचं नाही. बारीक रेती रंगावर चरे पाडते. आधी टपावरून मगाने सावकाश पाणी सोडून धूळ भिजू द्यायची. मग वरून खाली, एकेक भाग धुवायचा आणि लगेच मगाने ओतून घ्यायचा. फडकं शाम्पूत बुडवण्याआधी तिसऱ्या बादलीत खळबळायचं, म्हणजे रेती तळाशी राहते. चाकं सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या फडक्याने. बोअरच्या पाण्यातले क्षार पांढरे डाग सोडतात, म्हणून पाणी वाळण्याआधीच सुक्या मऊ फडक्याने पुसून घ्यायचं. सगळं मिळून चाळीस लिटरच्या आत काम होतं.

कुणी म्हणेल, वैतरणा जवळ असताना बादल्या कशाला मोजायच्या? गाडी सरळ नदीवर न्यावी. पण गाडीखालचं तेल आणि ग्रीस त्याच पाण्यात जातं, आणि खालच्या अंगाला बायाबापड्या कपडे धुतात, गुरं पाणी पितात. या नदीवर आधीच किती जणांचा भार आहे! वरच्या अंगाला मोडकसागर धरण आहे, तिथलं पाणी मुंबईला जातं. वैतरणेला मिळणाऱ्या सूर्येवरच्या धामणी धरणाचं पाणी वसई-विरारपर्यंत पोहोचतं. नदीकाठी राहणाऱ्यांनीच पाण्याची कदर केली नाही, तर दूरच्यांना काय सांगणार?

आपले नबी ﷺ एका मुद्द पाण्यात वुजू करत. मुद्द म्हणजे दोन्ही ओंजळींत मावेल एवढं माप, लिटरभरही नाही. घरातल्या मुलांना हे ठाऊक होतं, पण बादल्या मोजायला लागल्यापासून ते त्यांना खरं समजलं. आता वुजू करताना नळ चालू राहिला, तर सहा वर्षांची धाकटीच ओरडते, "नळ बंद!"

वाचकहो, तुमच्या घरी नळी असेल, तर एकदा ती बादलीत सोडून घड्याळ लावा. येणारा आकडा घरच्या माणसांना ५५ ने वाटून पाहा. पुढे काय करायचं, ते घरातली मुलंच सांगतील.