छोट्या टिपरची परीक्षा

जोगेश्वरीच्या पूर्व भागात, सहाव्या शतकात खडकात कोरलेल्या लेण्यांपासून थोड्याच अंतरावर, एका चाळीत एक वृद्ध टिपरचालक राहतात. मुंबईची उपनगरे वाढू लागली, तेव्हा आसपासच्या टेकड्यांतील काळा दगड फोडून घरांसाठी व रस्त्यांसाठी खडी केली जाई. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी आज सुमारे २०० फूट उंचीच्या एकाकी सुळक्यासारखी उभी दिसते, ती भोवतालचा दगड खाणींनी नेला म्हणूनच. अशी खडी वाहण्यात या गृहस्थांची उमेदीची वर्षे गेली. सारी चाळ त्यांना आजोबा म्हणते.

एका रविवारी त्यांचा नातू धावत आला. त्याच्या मामाने जर्मनीहून धातूचा एक छोटा टिपर आणि त्यामागे जोडायचा चार चाकांचा ट्रेलर पाठविला होता. पिवळाधमक हौदा, रबरी टायर, इवलेसे आरसे! पेटीवर प्रमाण छापले होते, १:५०.

“आजोबा, तुम्ही याला शंभरापैकी किती गुण द्याल?”

“परीक्षा घेतल्यावाचून गुण कसे द्यायचे? फूटपट्टी आण,” आजोबा चष्मा चढवीत म्हणाले.

टिपरची लांबी १६ सेंटिमीटर भरली. तिला पन्नासाने गुणताच ८ मीटर झाली. चाकाचा व्यास २ सेंटिमीटर होता, म्हणजे खऱ्या चाकाचा १ मीटर. दोन्ही मापे आजोबांना पटली. मग हौद्याच्या पत्र्याची जाडी मोजली. ती दीड मिलिमीटर होती. पन्नासाने गुणल्यावर साडेसात सेंटिमीटर!

“एवढा जाड हौदा असता, तर गाडीने खडी वाहिली नसती, स्वतःचेच ओझे वाहिले असते,” आजोबा हसून म्हणाले.

“मग याचे गुण कापायचे?”

“नाही. जस्तात थोडे ॲल्युमिनियम मिसळून हा धातू करतात. तो ४०० अंशांच्या आतच वितळतो. वितळलेला रस मोठ्या दाबाने पोलादी साच्यात घुसवितात. खऱ्या पत्र्याच्या पन्नासाव्या हिश्शाइतक्या पातळ फटीत तो रस पोचणार कसा? धातूच्या स्वभावाचा दोष कारागिराच्या माथी मारू नये.”

दुसरी परीक्षा हौद्याची झाली. नातवाने कुंडीतली जाडी वाळू हौद्यात भरली आणि हौदा हळूहळू उचलला. प्रथम वाळू जागची हलली नाही. पुढे उतार पुरेसा होताच ती एकदम घसरली, आणि मागचा फाळका खालच्या बाजूने आपोआप उघडला. त्याची बिजागरी वर होती. “फाळका अगदी खऱ्यासारखा!” आजोबांचा चेहरा उजळला.

तिसरी पाळी ट्रेलरची. पुढे ओढताना तो मुकाट्याने मागे येई. टिपर मागे लोटताच मात्र तो भलतीकडेच वळे. नातू खट्टू झाला. आजोबा म्हणाले, “खरा ट्रेलरही असाच वागतो. पुढे कोणीही नेईल. मागे घेताना चालकाचे कसब दिसते.”

“मग शंभर द्या ना!”

आजोबांनी हौदा पुन्हा उचलला आणि त्याखाली बोट फिरवून काही तरी शोधले. त्यांचा चेहरा गंभीर झाला.

“याला टेकू नाही.”

“टेकू म्हणजे?”

“हौदा वर करून खाली काम करायचे असेल, तर आधी एक भक्कम दांडा लावतात. तेलाच्या दाबाने वर चढणाऱ्या दट्ट्यावर विसंबायचे नसते. माझ्या गाडीवर अठरा वर्षांचा एक क्लीनर होता. वंगण घालायला तो टेकू शोधीत होता. ‘दोन मिनिटांचे तर काम, टेकू कशाला?’ असे मीच म्हणालो. तेलाची नळी फुटली आणि हौदा खाली आला. पोराचे प्राण वाचले; उजवा हात मात्र गेला.”

घरात काही वेळ कोणी बोलले नाही. मग नातू हळूच म्हणाला, “पण आजोबा, हे तर खेळणे. याच्या खाली कोण जाणार?”

“कोणी जाणार नाही, बाळ. म्हणून दहाच गुण कापतो. पण तू खरे मत विचारलेस. ते लपवून कसे चालेल?”

नातवाने वहीत ‘नव्वद’ असा आकडा मांडला आणि टिपर उचलून तो आत गेला.

संध्याकाळी आजोबा फिरून आले, तेव्हा टिपर खिडकीत उभा होता. हौदा वर उचललेला होता आणि त्याखाली काडेपेटीतली एक काडी, मापाने कापून, नीट ताठ बसविलेली होती. वहीतला आकडा मात्र नातवाने बदलला नव्हता.

आजोबांनी खाली वाकून हौद्यावर बोटाने दाब दिला. काडी जागची ढळली नाही.